फुप्फुसांत क्लोरिन घेऊन मुखवटे पारखणारे हॉल्डेन

बनशंकरी (बंगळुरू), १ डिसेंबर : रासायनिक अस्त्रांपासून सैनिकांचे रक्षण करणारे मुखवटे पारखण्यासाठी स्वतः क्लोरिन वायू श्वासावाटे घेणारे आणि उत्तरायुष्यात भारताचे नागरिकत्व स्वीकारणारे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचा आज स्मृतिदिन. १९६४ मध्ये याच दिवशी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचा जन्म झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे खाणींतील विषारी हवेचे अभ्यासक होते. मुलाला ते खाणीत नेत. एकदा त्यांनी त्याला उभे राहून पाठांतर म्हणावयास लावले. छताजवळ साचलेल्या वायूने तो थोड्याच वेळात खाली कोसळला. जमिनीलगतची हवा मात्र श्वसनयोग्य होती. शरीर हीच प्रयोगशाळा, हा धडा त्याला असा बालपणीच मिळाला.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरिन सोडला. चार दिवसांनी तेथेच चढाई करणाऱ्या भारतीय लाहोर डिव्हिजनलाही या वायूने गाठले. जवानांकडे खरे मुखवटे नव्हते. त्या दिवशीच्या पराक्रमासाठी जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

वायूची ओळख पटविण्यासाठी थोरल्या हॉल्डेन यांना फ्रान्सला पाठविण्यात आले. ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी असलेल्या मुलालाही त्यांनी आघाडीवरून बोलावून घेतले. काचबंद खोलीत क्लोरिन सोडून दोघे व त्यांचे सहकारी आळीपाळीने आत जात. कधी मुखवट्यासह, कधी त्याविना. श्रम करताना मुखवटा किती वेळ टिकतो, हे त्यातून कळले. धाप पुरती ओसरण्यापूर्वीच धाकटे हॉल्डेन आघाडीवर परतले आणि जखमी झाले. पुढे मेसोपोटेमियात पुन्हा जखमी झाल्यावर त्यांना उपचारासाठी भारतात आणण्यात आले.

१९१७ मध्ये आलेल्या मस्टर्ड वायूने प्रश्न बदलला. तो कपड्यांतून झिरपून त्वचा भाजतो. त्यामुळे मुखवट्याबरोबर सर्वांग झाकणारा पोशाखही आवश्यक ठरला. तरीही १९२५ मधील ‘कॅलिनिकस’ या पुस्तकात हॉल्डेन यांनी वायू हे तोफगोळ्यांपेक्षा कमी क्रूर अस्त्र असल्याचे प्रतिपादन केले. वायूबाधितांतील मृत्यूंचे प्रमाण कमी असते, हा त्यांचा आधार होता. ही भूमिका वादग्रस्त ठरली. वायूची झळ स्वतः सोसलेल्या माणसाने ती घ्यावी, हे आजही अस्वस्थ करते.

१९५७ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. सुएझ प्रकरणातील ब्रिटिश धोरणाचा निषेध हे स्थलांतराचे एक कारण त्यांनी जाहीर केले होते. १९६१ मध्ये ते भारतीय नागरिक झाले.

भारताने रासायनिक अस्त्रबंदी करारावर १९९३ मध्ये स्वाक्षरी केली आणि २००९ पर्यंत आपला साठा नष्ट केला. संरक्षणाची गरज मात्र संपलेली नाही. ग्वाल्हेर व कानपूर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळांनी यासाठी साधने विकसित केली आहेत. अशा पोशाखातील सक्रिय कोळशाचा थर विषारी बाष्प शोषून घेतो. बंगळुरूतील ‘डेबेल’ प्रयोगशाळेने तेजस विमानाच्या वैमानिकांसाठी प्राणवायू यंत्रणा घडविली आहे.

हॉल्डेन यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयास अभ्यासासाठी देण्यात आला. जिवंतपणी प्रयोगासाठी वापरलेले शरीर मरणोत्तरही विज्ञानाच्याच कामी आले.