गव्हाचं घड्याळ बदलणारा माणूस : नाझारेनो स्ट्रॅम्पेली



हरितक्रांती म्हटलं की आपण मुलांना बोरलॉग आणि स्वामीनाथन ही नावं सांगतो. मेक्सिकोतून आलेल्या बुटक्या गव्हाची गोष्टही सांगतो. पण त्या गव्हाचे एक पूर्वज इटलीतले होते. ते तयार करणाऱ्या माणसाची आज ओळख करून घेऊया.

नाझारेनो स्ट्रॅम्पेली यांचा जन्म १८६६ साली मध्य इटलीत झाला. पिसा येथे शेतीशास्त्राची पदवी घेऊन ते आधी शिक्षक झाले, म्हणजे आपल्यातलेच! १९०३ मध्ये गव्हाच्या कामासाठी ते रिएती गावी गेले. साधनं तुटपुंजी होती. फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या जातीचे पराग घालायचे, असं नाजूक काम. त्यात पत्नी कार्लोटा यांची मोठी साथ होती. एका गव्हाला त्यांनी तिचंच नाव दिलं.

अडचण काय होती? रिएतीचा गहू तांबेऱ्याला दाद देत नसे, पण उंच वाढून लोळायचा. शिवाय उशिरा निसवायचा. दाणा भरायच्या ऐन वेळी ऊन तापायचं आणि दाणे चिमायचे. शेतकऱ्याच्या घरातली भाकरी त्यावर अवलंबून होती.

आता उशिरा का, ते पाहा. झाडाच्या पेशींत चोवीस तासांचं एक घड्याळ असतं. त्याच्या मदतीने झाड दिवसाची लांबी ओळखतं. बहुतेक जुन्या जातींचा गहू दिवस मोठे होईपर्यंत फुलायची वाट पाहतो.

१९१३ मध्ये स्ट्रॅम्पेलींनी आपल्या संकरात 'अकाकोमुगी' हा जपानी गहू मिसळला. तो बुटका होता आणि लवकर निसवणारा. त्यातून 'आर्दितो', 'मेंताना' अशा जाती निघाल्या. त्या उन्हाच्या आणि तांबेऱ्याच्या आधीच पिकायच्या. पुढे मुसोलिनीच्या राजवटीने या यशाचा स्वतःच्या प्रचारासाठी भरपूर वापर केला, हेही मुलांना सांगायला हवं. १९४२ साली स्ट्रॅम्पेली वारले.

त्यांचा 'मेंताना' मात्र थांबला नाही. मेक्सिकोत बोरलॉग यांनी तो आपल्या संकरांत वापरला आणि तिथला गहू १९६० च्या दशकात भारतात आला. २००७ मध्ये शास्त्रज्ञांना लवकर फुलण्याचं कारण सापडलं. झाडाच्या घड्याळाशी नातं असलेल्या एका जनुकाशेजारचा छोटासा तुकडा या गव्हात गळालेला आहे. त्यामुळे ते जनुक नको त्या वेळीही चालू राहतं आणि दिवस लहान असले तरी गहू फुलतो.

स्ट्रॅम्पेलींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी फक्त रोज शेतात जाऊन कोणती ओंबी आधी बाहेर पडते ते पाहिलं आणि टिपून ठेवलं.

उपक्रम : या रब्बीत कुंडीत गहू पेरा. पेरणीची आणि पहिली ओंबी दिसल्याची तारीख मुलांनाच वहीत लिहू द्या. मध्ये किती दिवस गेले, ते त्यांनीच मोजावेत.