नागठाण्याचे राजहंस आणि दोन लक्षांचे ऋण

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे प्रतिवर्षी येत असतात, आणि त्यांत नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचे नाव निघाले की त्यांचे गाणे, त्यांचे रूप, त्यांच्या लुगड्यांची निवड आणि रुक्मिणी-भामिनीच्या भूमिका यांचे वर्णन ओघानेच येते. ते सर्व यथार्थच आहे. परंतु या पुरुषाच्या आयुष्यात रंगभूमीइतकीच मोठी अशी आणखी एक वस्तू होती, ती म्हणजे कर्ज. संसारी माणसाने ज्यापासून काही समजून घ्यावे अशी ही बाजू असूनही तिजविषयी आपल्या घराघरांतून कमी बोलले जाते. म्हणून प्रस्तुत लेखात गंधर्वांच्या गायनाकडे थोडी पाठ करून त्यांच्या देण्याघेण्याकडे पाहण्याचे योजिले आहे. रसिकांनी याबद्दल राग मानू नये.

राजहंसांचे घराणे कृष्णाकाठच्या नागठाणे गावचे. हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. 1949 साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला व त्यालाच 1960 साली सांगली हे नाव मिळाले. तेव्हापासून नागठाणे सांगलीचे झाले. दोन्ही जिल्ह्यांचे लोक बालगंधर्वांना आपले म्हणतात ते यामुळेच. नारायणरावांचा जन्म 26 जून 1888 चा. वडील श्रीपादराव व आई अन्नपूर्णाबाई. घर मध्यम स्थितीचे. वडिलांना सतारीचा नाद होता, पण नादावर घर चालत नाही हे त्या घरात सर्वांना ठाऊक होते. मुलाचा गळा मात्र लहानपणीच लोकांच्या ध्यानी आला. दहा वर्षांच्या आतबाहेरचे वय असता पुण्यास लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले व बालगंधर्व ही पदवी दिली, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

पुढे कानाचे दुखणे उद्भवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलास उपचारासाठी मिरजेच्या मिशन रुग्णालयात पाठविले. डॉक्टर वॉनलेस यांच्या त्या रुग्णालयाची कीर्ति तेव्हा दूरवर पसरली होती. मिरजेतच किर्लोस्कर नाटक मंडळीशी संबंध आला आणि 1905 साली शाकुंतलातील नायिकेच्या भूमिकेत नारायणराव मिरजेच्या रंगमंचावर प्रथम उभे राहिले. ब्राह्मणाच्या मुलाने नाटकात जावे, त्यातही स्त्रीवेष घ्यावा, ही गोष्ट त्या काळच्या घरांना सहज पचणारी नव्हती. पण मंडळीत नियमित वेतन होते, दोन वेळची पंगत होती, आणि भास्करबुवा बखल्यांसारखा गुरु पुढे लाभला. घराला हातभार लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

12 मार्च 1911 रोजी मुंबईस खाडिलकरांच्या मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता. हे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हणजे सांगलीचेच. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली, आणि तरीही प्रयोग ठरल्या वेळी झाला. ही गोष्ट सांगताना बहुतेक लेखक कलानिष्ठेचे गोडवे गातात. मला मात्र त्यात दुसरेच काही दिसते. नाटक मंडळी म्हणजे एकट्याचा व्यवसाय नव्हे. तिकिटे विकली गेलेली असतात, वाद्ये वाजविणारे, पडदे ओढणारे, आचारी, पाणक्ये या सर्वांचे पोट त्या एका रात्रीवर असते. घेतलेला शब्द आणि घेतलेला पैसा यांचे उत्तरदायित्व त्या दिवशी त्या बापाने पाळले. त्याची किंमत काय पडली हे त्याचे त्यालाच माहीत.

1913 च्या जुलै महिन्यात गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह नारायणरावांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला. विद्याहरण, संशयकल्लोळ, स्वयंवर अशी एकापाठोपाठ एक नाटके गाजली. संशयकल्लोळाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे, तेव्हा या भागाचा हात या वैभवात किती होता हे वाचकांच्या लक्षात येईल. उत्पन्न भरपूर येई. मग कर्ज झाले कसे?

याचे उत्तर मंडळीच्या राहणीत आहे. भरजरी शालू खरे असत, दागिने खरे असत, प्रेक्षागृहात अत्तराचा घमघमाट असे, पंगतीत उणेपणा चालत नसे. उत्तम साथीदार हवेत म्हणून वाटेल ते वेतन द्यावयाचे. पुढील काळात सारंगीवर कादरबक्ष व तबल्यावर अहमदजान थिरकवा हे त्यांचे साथीदार झाले, यावरून त्यांच्या आवडीची उंची कळते. 1920 साली द्रौपदी नाटक आले, तेव्हा मयसभेचा देखावा उभारण्यात पैसा पाण्यासारखा ओतला गेला. त्या मानाने ते नाटक चालले नाही. त्यातच पहिल्या महायुद्धामुळे कापड, धान्य, रेल्वेभाडे सर्वच महागले होते, व 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने गावोगावचे लोक गर्दीला भिऊ लागले होते. टेंबे थोड्याच वर्षांत बाहेर पडले होते, पुढे बोडसांनीही मंडळी सोडली. खर्चाला नाही म्हणणारा भागीदार जवळ उरला नाही. नारायणरावांचा स्वभाव असा की पैसा हाती आला तर तो मोजून ठेवावा हे त्यांना सुचतच नसे. मागेल त्याला द्यावे आणि आवडेल ते घ्यावे. हा दोष होता, आणि त्याला दोषच म्हटले पाहिजे. गुणी माणसाच्या दोषांना लाडाने औदार्य म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. सावकाराची वही मात्र ती रीत पाळत नाही.

1921 साली मंडळीच्या डोक्यावरील देणे सुमारे दोन लक्ष रुपयांवर गेलेले आढळले. आजच्या वाचकास ही रक्कम लहान वाटेल. पण त्या वेळी सोन्याचा तोळा तीस रुपयांच्या आसपास वा त्याच्या आतच मिळे, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन लक्षांचे वजन कळते. याच वर्षी 8 जुलैला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसह संयुक्त मानापमानाचा प्रयोग झाला. एक भामिनी, दुसरे धैर्यधर, मुंबई लोटली. मोठी रक्कम जमली आणि ती देशकार्यास गेली. स्वतः कर्जात बुडालेला माणूस एका रात्रीची एवढी कमाई राष्ट्राच्या झोळीत टाकतो, याला काय म्हणावे, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तरी त्यांना नावे ठेववत नाहीत. दुर्दैव असे की केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात निवर्तले.

नादारीचा मार्ग त्या वेळी कायद्याने खुला होता. मुंबई शहरासाठी 1909 चा व इतर मुलुखासाठी 1920 चा कायदा होता. कोर्टात अर्ज करावा, असेल नसेल ते धनकोंच्या स्वाधीन करावे आणि उरलेल्या देण्यातून सुटावे. यात बेकायदा काही नाही, आणि खरोखर निरुपाय झालेल्या कुटुंबाने तो मार्ग धरला तर त्यास कोणी हिणवू नये. परंतु नारायणराव त्या वाटेने गेले नाहीत. मंडळी मोडली नाही, जुनी पगारी माणसे काढून टाकली नाहीत आणि देणेही बुडविले नाही. गळा शाबूत आहे तोवर देणे फिटेल, एवढ्याच भरवशावर त्यांनी पुढील सात वर्षे काढली.

या सात वर्षांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. व्याज बाजूस ठेवून नुसते मुद्दल धरले तरी महिन्यास 2,380 रुपयांच्या घरात फेड होते. आणि ती मंडळीचा रोजचा खर्च भागवून करावयाची. म्हणजे विश्रांति नाही, घसा बसला म्हणून प्रयोग रद्द करण्याची सोय नाही. एका गावचा मुक्काम हलला की दुसऱ्या गावी सामान उतरवावयाचे, रात्री नाटक उभे करावयाचे, पहाटेपर्यंत गावयाचे. नवे नाटक म्हणजे नवा खर्च. 1926 साली खाडिलकरांचे मेनका आले खरे, परंतु माझ्या मते कर्ज फेडले ते मुख्यतः जुन्या नाटकांनी. सौभद्र, मानापमान, स्वयंवर यांचे पडदे आणि पोषाख तयार होते, पदे लोकांच्या ओठांवर होती, आणि तरीही लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढून येत. जे घरात आहे त्यावरच उत्पन्न काढणे, ही कर्जफेडीची सर्वांत जुनी रीत आहे.

यात एकच प्यालाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गडकरी जानेवारी 1919 मध्ये निवर्तले आणि फेब्रुवारीत बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यातील सिंधू ही नवऱ्याच्या व्यसनाने धुळीस मिळालेल्या घरातील गृहिणी. ज्या नारायणरावांना शालूवाचून प्रेक्षकांनी पाहिले नव्हते ते या भूमिकेत ठिगळे लावलेले लुगडे नेसून जात्याशी बसत. त्या प्रयोगांना आपल्या आजीपणजी गेल्या आणि पदराने डोळे पुसत घरी आल्या. सिंधूच्या घरातील दारिद्र्य रंगविणाऱ्या नटाच्या स्वतःच्या मागे धनकोंची रांग लागलेली होती, हे त्या प्रेक्षकांतील कितींना ठाऊक असेल?

1928 च्या सुमारास देणे फिटले आणि कर्जमुक्त मंडळीचे नारायणराव एकटे मालक झाले. त्यांचे वय तेव्हा चाळीस वर्षांचे होते.

येथे लेख संपविता आला असता तर बरे झाले असते. परंतु चरित्र अर्धे सांगू नये. कर्ज फिटले, खर्चाची सवय फिटली नाही. 1931 साली आलमआरा हा पहिला हिंदी बोलपट आला, पाठोपाठ 1932 मध्ये प्रभातचा अयोध्येचा राजा मराठीत आला. त्यात गोविंदराव टेंबे हेच नायक होते. चार आण्यांत गाणे, बोलणे आणि देखावे पाहावयास मिळू लागल्यावर रात्रभराच्या संगीत नाटकाकडे कोण वळणार? कान्होपात्रासारखे नाटक लोकांनी उचलून धरले तरी पुन्हा ऋण साचले आणि 1934 च्या अखेरीस मंडळी थांबली. नारायणराव प्रभात फिल्म कंपनीत गेले. 1935 च्या धर्मात्मा चित्रपटात ते संत एकनाथ झाले, जन्मात प्रथमच पुरुषवेषाने लोकांपुढे मोठ्या भूमिकेत आले. पण ते जग त्यांना मानवले नाही. एका चित्रपटानंतर ते बाहेर पडले. 1937 चा मीराबाईवरील चित्रपटही चालला नाही. घरातही फाटाफूट झाली, बंधु बापूराव वेगळे झाले. 1940 साली पत्नी लक्ष्मीबाई वारल्या. ज्या बाईने ऐश्वर्य आणि धनको दोन्ही एकाच उंबऱ्यावर पाहिले तिच्याविषयी चरित्रकारांनी फार थोडे लिहिले आहे, ही खंत मला वाटते.

उतारवयात पायांनी साथ सोडली. 1955 साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान झाला, 1964 साली पद्मभूषण मिळाले. 8 ऑक्टोबर 1962 रोजी पुण्यात त्यांच्याच हस्ते एका नाट्यगृहाची कोनशिला बसविण्यात आली. ती वास्तु पुरी झालेली पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते; 15 जुलै 1967 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले आणि पुढील वर्षी त्यांच्या जन्मदिवशी, 26 जूनला, बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले. मिरजेतही त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. आपल्यापैकी जी कुटुंबे कृष्णाकाठी जातात त्यांनी नागठाण्यास जरूर उतरावे. सांगलीहून वाट फार लांबची नाही.