सलीम अलींची शिल्लक

सोलापुरात दिवाळी सरून थंडी पडू लागली की सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव म्हणून ओळखला जाणारा धर्मवीर संभाजी तलाव आणि हिप्परग्याचा जलाशय येथे परदेशी पाणपक्षी उतरू लागतात. काठावरून नित्य जाणाऱ्या नागरिकांपैकी त्यांची नोंद ठेवणारे मात्र थोडेच. अशा नोंदीचे मोल ज्यांनी देशाला पटवून दिले, त्या सलीम अलींचे चरित्र म्हणूनच स्मरणीय ठरते.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईवडिलांना पारखा झाला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याचा सांभाळ केला. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तेव्हा ती ओळखून घेण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्याला दाखविला आणि एका आयुष्याची दिशा ठरली.

विद्यापीठाची पदवी नसल्याने नोकरीचे दरवाजे त्यांना सहज उघडले नाहीत. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात काम मिळाले. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकले. १९३० साली परतले तेव्हा निधीअभावी ती जागाच रद्द झाली होती. उत्पन्न बंद पडलेल्या त्या पावसाळ्यात, अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी, त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पुरे करून दुसरे घरटे आरंभितो, हा क्रम त्यांनी टिपला. त्यावरील त्यांचा लेख १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ज्या हंगामात पगार नव्हता, त्याच हंगामाने त्यांना शास्त्रज्ञ म्हणून मान्यता दिली.

त्यानंतर त्यांनी संस्थानांच्या पक्षिगणनेचे काम वेतनाविना, केवळ खर्चाच्या बोलीवर पत्करले. त्यातील हैदराबाद संस्थानाची हद्द सोलापूर जिल्ह्याला लागूनच होती. पत्नी तेहमिना या भटकंतीत बरोबर असत. १९३९ साली त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९४१ साली, भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला.

१९५७ साली कर्नाटकात माकडताप उद्भवला, तेव्हा स्थलांतरित पक्षी रोगाचे वाहक आहेत काय, असा प्रश्न उभा राहिला. त्याच्या शोधासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याच्या कार्याला मोठी गती आली. छंद समजल्या गेलेल्या विद्येची सार्वजनिक आरोग्याला गरज भासली, ही घटना बोलकी आहे. १९७६ साली पद्मविभूषण आणि गेटी पारितोषिक, १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व, असे सन्मान उतारवयात आले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

या चरित्राचा सोलापूरकरांशी संबंध काय? कोणत्याही हिशेबात आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल तर नफातोटा काढता येत नाही. नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज तेथे त्याचे दर्शनही दुर्मीळ आहे. हा तोटा निदान कळला, कारण त्या पक्ष्याकडे कोणाचे तरी लक्ष होते. शहरातील तलावांवर पूर्वी कोणते पक्षी किती येत, हे वर्षानुवर्षे लिहून ठेवले नाही तर सांडपाणी, जलपर्णी आणि भराव यांनी नेमके काय गेले, हे सिद्ध करणे अशक्य होते. आणि जे सिद्ध करता येत नाही त्याची भरपाई कोणी मागू शकत नाही.

ज्या १९८७ साली सलीम अली गेले, त्याच वर्षी दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षिगणना भारतीय उपखंडात सुरू झाली. तिच्यासाठी पदवी लागत नाही. दुर्बीण, वही आणि सातत्य पुरते. शहरातील महाविद्यालयांनी एकेक तलाव आपला मानून ही वही दर हिवाळ्यात भरली, तर सलीम अलींचे स्मरण केवळ जयंतीपुरते उरणार नाही.