छंदातून घडलेला विमानशिल्पी
रेजिनाल्ड जोसेफ मिचेल यांचा जन्म २० मे १८९५ रोजी स्टॅफर्डशायर परगण्यात झाला. विमानांच्या लहान प्रतिकृती तयार करून उडवण्याचा छंद त्यांना शाळकरी वयातच जडला. पुढे रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी करताना त्यांनी घरीही लेथ यंत्र बसवले.

१९१७ मध्ये ते साउथहॅम्प्टनच्या सुपरमरीन कंपनीत रुजू झाले. हाती असलेल्या रचनेत सतत फेरफार करणे ही त्यांची कार्यपद्धती होती. १९३१ मध्ये श्नायडर करंडक जिंकणारे एस.६बी हे त्यांच्या आधीच्या विमानाचेच सुधारित रूप होते.

१९३३ मध्ये त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘टाइप २२४’ हे लढाऊ विमान अपेक्षेस उतरले नाही. तरीही ते खचले नाहीत. पंख पातळ झाले, स्थिर चाके पंखांत मिटू लागली आणि ५ मार्च १९३६ रोजी ईस्टली येथून स्पिटफायरने पहिले उड्डाण केले.

११ जून १९३७ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वायुदलात दाखल झालेले स्पिटफायर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढे एअरफिक्सने विमानाचा पहिला जुळणी-संच काढला, तो स्पिटफायरचाच. प्रतिकृतींत रमलेल्या त्या मुलाचे विमान आता प्रतिकृतीच्या रूपाने घरोघरी पोहोचले.