बाबासाहेबांचा कोट

गावोगावच्या पुतळ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर निळ्या सुटात उभे असतात. खिशाला पेन, हातात राज्यघटना. उंबरमाळीहून कॉलेजला येताना मी इस्त्रीचा शर्ट घातला, तर कुणीतरी विचारतेच, आज लग्न कुणाचे? घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणूनच की काय, बाबासाहेबांचे चरित्र वाचताना माझे लक्ष त्यांच्या कपड्यांकडे गेले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला. प्रवासासाठी नवे शर्ट, चकचकीत टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे असा थाट केला होता. मसूर स्टेशनवर मास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. पोरे महारांची आहेत हे कळताच ते चटकन मागे सरले. बैलगाडीवालाही तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन त्याने गाडी दिली, ती मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार! वाटेत प्यायला पाणीसुद्धा मिळाले नाही. अंगावरचे कपडे मात्र नवेकोरेच होते.

पुढे कोलंबिया विद्यापीठात व लंडनला शिकून ते १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे दारात आली. परदेशी पदव्या आणि साहेबी पोशाख, काहीच उपयोगी पडले नाही.

दुसऱ्या कुणी सुटाचा नाद सोडला असता. बाबासाहेबांनी सोडला नाही. १९२३ पासून बॅरिस्टर म्हणून मुंबईत वकिली करताना, गोलमेज परिषदेत, मंत्रिमंडळात, त्यांचा पोशाख नीटनेटकाच राहिला. गांधीजींनी १९२१ साली अंगावरचे कपडे कमी केले, ते गरिबांशी एकरूप होण्यासाठी. पण ज्यांच्या वाट्याला मढ्यावरचे कापड आणि दुसऱ्याची उतरण आली, त्यांनी काय कमी करायचे? मला तरी बाबासाहेबांचेच पटते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी बायकांनाही हेच सांगितले. लुगडे सवर्ण बायकांसारखे नेसा, अस्पृश्यतेची ओळख सांगणारे जड दागिने टाकून द्या. बायकांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. बदल दिसायला केवढा लहान! पण अंगावरच्या लुगड्यावरून जात ओळखणाऱ्या गावात त्या तशा परतल्या, याला धैर्य लागले असणार.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतराच्या दिवशी त्यांनी पांढरी वस्त्रे परिधान केली. पुढे दोन महिनेही झाले नाहीत. ६ डिसेंबरला दिल्लीत ते गेले.

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कपडे आणि टंकलेखन यंत्र जपून ठेवले आहे. एकदा तिथे जाऊन कोटाची कॉलर आणि बाह्या किती झिजल्या आहेत, ते मला पाहायचे आहे.