झोपेच्या व्याधीला नाव देणारे झेलिनो

वर्गात किंवा कामावर पेंगणाऱ्याला रत्नागिरीतही आळशी ठरविले जाते. अशी अनावर झोप हा आजार असू शकतो, हे वैद्यकशास्त्राला दाखवून देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात फ्रेंच डॉक्टर एदुआर झेलिनो यांच्याकडे जाते.

झेलिनो यांचा जन्म १८२८ मध्ये बोर्दोजवळील ब्ले येथे झाला. आरंभी ते नौदलात वैद्यक अधिकारी होते. पुढे मद्याची पिंपे विकणारा ३८ वर्षांचा एक रुग्ण त्यांच्याकडे आला. त्याला दिवसातून दोनशे वेळा झोपेचे झटके येत आणि भावना अनावर होताच अंगातील बळ जाऊन तो कोसळे. हे फेफरे नव्हे, स्वतंत्र व्याधी आहे, असे प्रतिपादून झेलिनो यांनी १८८० मध्ये तिला ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिले. जर्मनीत वेस्टफाल यांनी १८७७ मध्येच असे रुग्ण वर्णिले होते.

१९०६ मध्ये झेलिनो निवर्तले. मेंदूतील हायपोक्रेटिन निर्माण करणाऱ्या पेशींचा ऱ्हास हे या आजाराचे प्रमुख कारण २००० मध्ये उघड झाले. आज रात्रभराच्या निद्राचाचणीनंतर दिवसा ठराविक अंतराने डुलक्या घ्यायला लावून निदान होते. व्याधी समूळ जात नाही. मात्र औषधांनी आटोक्यात राहते. त्यासाठी रुग्णाला दोष न देता आधी डॉक्टरांकडे नेणे अगत्याचे ठरते.