भास्कराचार्य

सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेल्या विज्जलविड नगरात इ. स. १११४ मध्ये भास्कराचार्यांचा जन्म झाला. त्यांच्या घराण्यात विद्येची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. पिता महेश्वर हे ज्योतिषशास्त्रात निष्णात असून तेच भास्कराचार्यांचे गुरू होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, गणिताध्याय आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत.

गणित रुक्ष असते असे ज्यांना वाटते, त्यांनी लीलावती उघडून पाहावी. तिच्यात भुंगे आहेत, हंस आहेत, सरोवरातले कमळही आहे. भंडारा जिल्हा तर तळ्यांचाच जिल्हा. तेथील मुलांना हे उदाहरण आपल्या गावचेच वाटेल. कमळाचे टोक पाण्याच्या वर अर्धा हात होते. वाऱ्याने ते कलले आणि मूळ जागेपासून दोन हातांवर बुडाले, तर पाणी किती खोल? देठ आणि पाणी यांचा काटकोन त्रिकोण मांडला की उत्तर येते पावणेचार हात. त्यासाठी कोणाला तळ्यात उतरावे लागत नाही.

बीजगणितातील वानरांचे उदाहरण मात्र अधिक खोल आहे. एका कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जो वर्ग येतो, तितकी वानरे गुहेत गेली; उरलेले एकच वानर फांदीवर चढताना दिसले. तर कळप केवढा? गणित दोन उत्तरे देते, पन्नास आणि पाच. दोन्ही ताळ्यात बरोबर येतात. परंतु पाचाचा पाचवा भाग एक, आणि त्यातून तीन गेले तर उरतात उणे दोन. उणे दोन वानरे कोणी पाहिली आहेत? म्हणून भास्कराचार्यांनी पाच हे उत्तर सोडून दिले. सूत्रातून आलेली प्रत्येक संख्या त्यांनी प्रत्यक्ष सृष्टीपुढे उभी करून तपासली.

याच शिस्तीने ते आणखी एका प्रश्नापाशी येऊन थांबले. धन संख्येचा वर्ग धन असतो आणि ऋण संख्येचाही वर्ग धनच असतो. मग ऋण संख्येचे वर्गमूळ कोणते? ऋण संख्या हा कोणाचाच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही, असा निर्णय त्यांनी दिला. त्या काळी ज्ञात असलेल्या संख्यांपुरता तो अगदी निर्दोष होता.

इ. स. १५४५ मध्ये इटलीतील कार्दानो यांनी दहाचे असे दोन भाग मागितले की त्यांचा गुणाकार चाळीस व्हावा. उत्तरात उणे पंधराचे वर्गमूळ आले, आणि त्यांना ते निरुपयोगी वाटले. इ. स. १५७२ मध्ये बोंबेल्ली यांनी अशा संख्यांच्या बेरजेचे व गुणाकाराचे नियम घालून दिले. पुढे वेसेल या गणितज्ञांनी त्यांना सरळ अर्थ दिला. कवायतीत एकदा डावीकडे वळा, पुन्हा डावीकडे वळा. तोंड उलट दिशेला येते. उलट दिशा म्हणजे उणे एक, तर एक पाव वळण म्हणजे उणे एकाचे वर्गमूळ! अशा संख्यांना संमिश्र संख्या म्हणतात. इ. स. १९२६ मध्ये श्रोडिंजर यांनी अणूच्या अंतरंगाचे समीकरण मांडले, तेव्हा त्यातही ही संख्या येऊन बसली. खुद्द श्रोडिंजर यांनाही आरंभी ते रुचले नव्हते. मग गणित सृष्टीच्या मुळाशीच आहे, की सृष्टी समजून घेण्यासाठी माणसाने ते रचले आहे? याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही.

भास्कराचार्यांना आकाश गणिताने बांधलेले दिसत होते, एवढे खरे. पृथ्वीला कोणाचा तरी आधार आहे असे मानले, तर त्या आधारालाही दुसरा आधार हवा, त्याला तिसरा. शेवटी कोणीतरी स्वतःच्या बळावर राहणारच. मग ती पृथ्वीच का नसावी, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता. वेधासाठी त्यांनी अनेक यंत्रे वर्णिली आणि त्या सर्वांत बुद्धीच्या यंत्राला श्रेष्ठ मानले. हे यंत्र म्हणजे हातात साधी काठी आणि डोक्यात गणित! एकोणसत्तराव्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगोपयोगी ग्रंथ लिहिला.

त्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण यांच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. त्या मठाला इ. स. १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख पाटणच्या देवळात आहे. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकाने मठाला एक पळी तेल द्यावे, असे त्यात नोंदलेले आहे.